आयबी डिप्लोमाचा फॉर्म भरताय? आधी विषय ठरवा

दहावीचं वर्ष आलं की आमच्या गोव्यात घरोघरी एकच चर्चा, सायन्स की कॉमर्स आणि कुठल्या हायर सेकंडरीत. आमच्याकडे यंदा त्यात आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आला. लेकीनेच विषय काढला, तिला अकरावी-बारावी गोवा बोर्डातून न करता आयबी डिप्लोमा करायचाय. सासूबाईंनी लगेच विचारलं, "म्हणजे बारावी करणारच नाही ती?" रास्त प्रश्न आहे आणि पुष्कळ जणांना पडतो म्हणून आधी तेच सांगते. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज हा डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा मानते, त्यामुळे पुढे इथल्याच कॉलेजात जायचं असलं तरी वाट बंद होत नाही.

आयबीची संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली. डिप्लोमा दोन वर्षांचा, विषय सहा, त्यातले साधारण तीन हायर लेव्हलला आणि तीन स्टँडर्डला. हायरला २४० तास शिकवायचं असतं, स्टँडर्डला १५०, आणि हायरचा अभ्यास बऱ्यापैकी कॉलेजच्या पहिल्या वर्षासारखा असतो, म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटी त्याचं क्रेडिटसुद्धा देतात. प्रत्येक विषयाला ७ पॉइंट म्हणजे ४२, आणि ४००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः संशोधन करून लिहिलेला मोठा निबंध, आणि थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे आपल्याला जे कळतं ते कशावरून याचा अभ्यास, हे दोन्ही मिळून वरचे ३, असे एकूण ४५. शिवाय कॅस, म्हणजे खेळ, कला, समाजसेवा असलं काहीतरी सातत्याने करायचं. त्याला पॉइंट नाहीत पण ते पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. सगळे पालक शाळेच्या अॅडमिशन फॉर्मातला निबंध कसा लिहायचा, इंटरव्ह्यूला काय विचारतात याच्या मागे असतात आणि विषयांचा रकाना मात्र शेवटच्या दिवशी घाईघाईत भरला जातो. पण पुढच्या दोन वर्षांचं आणि त्यानंतरचंही सगळं त्या रकान्यावर आहे हो! मुलाला डॉक्टर व्हायचंय असं धरा. नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात. आयबीची नेहमीची मांडणी अशी की दोन भाषा, एक समाजशास्त्राकडचा विषय, एक सायन्स, गणित, आणि सहावी जागा आर्ट्सची, तिथे हवं तर दुसरं सायन्स घेता येतं. म्हणजे सायन्स झाली दोनच. तिसरं हवं तर शाळेला आयबीकडे युनिव्हर्सिटीची अट दाखवून खास परवानगी मागावी लागते. हे अकरावीत जाऊन कळलं तर काय करणार? गणितातही दोन प्रकार आहेत, इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर अॅनालिसिस अँड अॅप्रोचेसच बघा, बाहेरच्या कितीतरी युनिव्हर्सिटी तेच आणि तेही हायरला मागतात. म्हणून आधी मुलाला पुढे काय करावंसं वाटतंय ते विचारा, त्या कोर्सच्या अटी वाचा, आणि मग मागे येत येत विषय ठरवा.

आमच्या लेकीला पर्यावरणात रस, त्यामुळे आमचं ठरवणं सोपं गेलं. तिच्या आजोळी चोडणला खाजन शेती आहे, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. फॉर्ममध्ये 'तुम्ही स्वतःहून काय शोधलंत' अशा अर्थाचा प्रश्न होता, तिथे तिने मानशीबद्दल लिहिलं. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरती आली की नदीच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं आणि जास्तीचं पाणी बाहेर जातं. तिने मानशीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचं पाणी बाटल्यांत भरून आणलं, शाळेच्या लॅबमध्ये मीठ किती ते मोजलं, आणि आतल्या पाण्यातही मीठ का वाढतंय म्हणून मामाला फोन करकरून विचारलं, तर कळलं की दाराच्या फळ्या कुजल्यात. मला तर हे वाचून फार अभिमान वाटला. इंटरव्ह्यूलाही म्हणे सगळा वेळ त्याच्यावरच बोलणं झालं. मुलांना स्वतःचंच लिहू द्या, विकतचा निबंध घेऊन गेलेलं पोर दुसऱ्या प्रश्नालाच अडकतं.

भाषेचंही बघून ठेवा. घरी मराठी, गावात कोंकणी, शाळेत इंग्रजी अशी आपली मुलं, त्यांना दुसरी भाषा म्हणून हिंदी घेता येते किंवा फ्रेंच अगदी पहिल्यापासून सुरू करता येतं. आपल्या मातृभाषेचं साहित्य शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासून स्टँडर्ड लेव्हलला देण्याचीही सोय आयबीत आहे. मराठीसाठी ती मिळेल का हे आम्ही शाळेला लेखी विचारलंय. विचारायला हवंच, आपण नाही मागितलं तर कोण मागणार.

फी लाखांत आहे, गोव्यात आयबीच्या शाळाही मोजक्याच, त्यामुळे स्कॉलरशिपचं फॉर्म देतानाच विचारा, अॅडमिशन झाल्यावर नको. आणि आयबीची परीक्षा मेमध्ये देणाऱ्यांचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, तोवर इथल्या काही कॉलेजांच्या अॅडमिशन सुरू झालेल्या असतात, म्हणून ज्या कॉलेजावर डोळा आहे तिथे प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे निकालाआधी शाळेने दिलेले अंदाजे गुण, चालतात का तेही आत्ताच विचारून ठेवा. आमच्या यादीतल्या एका कॉलेजाने हो म्हटलंय, बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात फोन करायचेत.