लॉट नंबरशिवाय रिव्ह्यू लिहू नका

गेल्या मे महिन्यात मी प्रयोगशाळांना पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, विकणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याला एक स्टार दिला. जळगावात पारा ४४ च्या वर, पार्सल कुरिअरच्या गोदामात दोन दिवस पडून, आइसपॅकचं पाणी झालेलं. आत ५ मिलिग्रॅम मेलिटिन होतं, म्हणजे मधमाशीच्या विषातलं २६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. रक्तपेशी फोडण्याचा आमचा नेहमीचा प्रयोग लावला, तर आलेख जुन्या बाटलीपेक्षा मागे. मी लिहून मोकळी झाले: 'उन्हात खराब झालेला माल पाठवतात.'

ते चूक होतं. कोरडी लायोफिलाइज्ड (गोठवून सुकवलेली) भुकटी दोन दिवसांच्या उन्हानं सहसा बिघडत नाही. तिचा खरा वैरी ओलावा. बाटलीसोबत आलेल्या तपासणीच्या सर्टिफिकेटवर ९८ टक्के शुद्धता पाहून मी भुकटीचं सगळं वजन पेप्टाइडचंच धरलं होतं. ही शुद्धता एचपीएलसीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची, आणि ती एवढंच सांगते की पेप्टाइडच्या सोबतीला अर्धवट, चुकीचे तुकडे किती आहेत. क्षार आणि पाणी तिच्या हिशेबात येत नाहीत. मेलिटिनवर सहा धन भार, प्रत्येकापाशी क्षार म्हणून चिकटलेलं ११४ रेणुभाराचं एक ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल. सहा गुणिले ११४ म्हणजे ६८४, आणि पेप्टाइड स्वतः २८४६. भुकटीचा जवळपास पाचवा हिस्सा पेप्टाइड नव्हताच, म्हणून आलेख मागे! जुन्या बाटलीवर निव्वळ पेप्टाइडचं वजन छापलेलं होतं, या बाटलीवर नव्हतं. तक्रार करायची तर तेवढीच होती. मी रिव्ह्यू बदलला आणि का बदलला तेही वरच लिहिलं.

दुसऱ्या एका विक्रेत्याला मात्र दिलेला एक स्टार मी मागे घेणार नाही. दोन वेगळ्या लॉटच्या सर्टिफिकेटवर त्यानं एचपीएलसीचा एकच आलेख चिकटवला होता. पायथ्याच्या रेषेची बारीक थरथरसुद्धा तीच. हे कळलं ते दोन्ही कागद जपून ठेवले होते म्हणून.

ही सवय अण्णांची. चोपड्याकडे आमची कपाशी. बियाण्याची रिकामी पाकिटं आणि पावत्या ते वेचणी संपेपर्यंत पत्र्याच्या डब्यात ठेवतात. बी उगवलं नाही, तर लॉट नंबर दाखवल्याशिवाय तक्रारीला कोण उभं करतं? रिव्ह्यूचंही तेच आहे. 'मस्त माल, लवकर आला' वाचून दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या पोरीनं काय करायचं? तिला लॉट, तारीख, पैसे कोणी भरले आणि काय मोजलं, हे हवं. रिव्ह्यूच्या बदल्यात दहा टक्के सूट मिळाली असेल, तर ती पहिल्या ओळीत सांगावी. मी अशी सूट घेत नाही.

आणखी एक. गल्लीतल्या जिमचा एक मुलगा मोबाइल घेऊन आला, बाटलीचा फोटो दाखवत म्हणाला, "ताई, हाई चांगलं शे का?" खाली चार रिव्ह्यूंत किती टोचून घ्यायचं याचे आकडे. मी त्याला बसवून समजावलं, की संशोधनासाठीच्या बाटलीची शुद्धता ९९ टक्के असली, तरी ती निर्जंतुक आहे असं त्यावरून ठरत नाही, एंडोटॉक्सिनचं, म्हणजे जिवाणूंच्या विषाचं, तर नावही नाही. हे माणसाच्या अंगात घालायचं औषध नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिव्ह्यूत हे वाक्य असतं, आणि डोस कोणी विचारला तर मी देत नाही.

आता नवी बाटली आली आहे. रेणूचं वजन जुळलं, २८४६ च्या आसपास. पण साखळीचं शेवटचं टोक अमाइड आहे की आम्ल, हा फरक १ डाल्टनचा, म्हणजे जेमतेम एका हायड्रोजन अणूच्या वजनाएवढा. तो आमच्या यंत्रावर नीट दिसत नाही. रिव्ह्यूत तसंच लिहिलंय: हे तपासलेलं नाही.