लॉगबुकवरची सही : एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा माझा अनुभव

नंदुरबार जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेतून मी खानदेशातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, तेव्हा सर्वांनी मला शरीररचनाशास्त्राचीच धास्ती घातली होती. प्रत्यक्षात डिसेक्शन (मृतदेहाचे विच्छेदन), हाडांवरच्या तोंडी परीक्षा आणि जीवरसायनशास्त्राचे पाठांतर हे सारे कष्टाने, पण वेळच्या वेळी पार पडले. माझे वर्ष अडले ते शरीरक्रियाशास्त्राच्या लॉगबुकवर, म्हणजे शिकलेल्या कौशल्यांच्या नोंदवहीवर, आणि त्याचा राग अजूनही पूर्ण शमलेला नाही.

2019 च्या तुकडीपासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात काही कौशल्ये विद्यार्थ्याने शिक्षकांसमोर करून दाखवावी लागतात. रक्तदाब मोजणे, नाडी पाहणे, हृदय व श्वसनसंस्था तपासणे ही त्यांतली काही. प्रत्येक कौशल्यासमोर तारीख, प्रयत्न पहिला की पुन्हा केलेला, कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकी की अधिक, शिक्षकांचा निर्णय आणि त्यांची सही असे रकाने असतात. हे लॉगबुक पूर्ण असल्याशिवाय विद्यापीठाच्या परीक्षेस बसता येत नाही. लेखी वर्गांना 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के उपस्थितीची अट सर्वांना ठाऊक असते. लॉगबुकची अट मात्र वर्ष संपत आल्यावर आठवते.

आमच्या विभागाने सर्वांची लॉगबुके जमा करून कपाटात ठेवली होती आणि सह्या सत्राच्या शेवटी एकत्रच होतील असे सांगितले होते. मध्यंतरी आमच्या गटाची प्रात्यक्षिके घेणारे सर प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या महाविद्यालयात गेले. लॉगबुके हाती आली तेव्हा आमच्या गटाचे सहीचे रकाने कोरे होते. नव्या मॅडम म्हणाल्या, "मी जे पाहिलेच नाही, त्यावर सही कशी करू?" त्यांचे म्हणणे योग्यच होते आणि त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे. परंतु लिपिक विभागप्रमुखांकडे पाठवीत, विभागप्रमुख बैठकीत असत, आणि शिपाईमामा दुपारी या म्हणत. परीक्षेच्या तोंडावर, मे महिन्याच्या उन्हात, वसतिगृह आणि विभाग यांच्यामध्ये आमचा अभ्यासाचा वेळ जात राहिला. त्याच काळात मला हिमोग्लोबिनचा भाग नीट वाचायचा होता. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने होणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात घराघरांत ऐकू येतो, त्यामुळे हे प्रकरण केवळ गुणांसाठी वाचणे मला मान्य नव्हते.

शेवटी विभागप्रमुख भेटले. सर्व कौशल्ये पुन्हा करून दाखवा, असे त्यांनी सुचवले. त्याला आमची तयारी होती. मात्र रकान्यात "पुन्हा केलेला प्रयत्न" अशी नोंद होणार होती आणि तिला मी ठामपणे हरकत घेतली. ती नोंद पहिल्या वेळी जमले नाही असे सांगते, आणि ते खरे नव्हते. आम्ही गटाच्या वतीने लेखी अर्ज दिला व प्रात्यक्षिकांच्या हजेरीपटावरून आमच्या तारखा पडताळून पाहण्याची विनंती केली. हजेरीपट निघाला, तारखा जुळल्या, आणि मॅडमसमोर कौशल्ये करून दाखवल्यावर "पहिला प्रयत्न" अशीच नोंद झाली. मॅडमनी माझे रक्तदाबाचे वाचन स्वतः मोजून ताडून पाहिले आणि ते जुळले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की कौशल्य दाखवले त्याच दिवशी सही मागा. संकोच करू नका. शिक्षकांनी समोर पाहून सही करावी यासाठीच तो रकाना आहे. लॉगबुक विभागात जमा करण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवा. अर्ज द्यायचा झाल्यास दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. आमच्या अर्जाची पोच नसती तर तो कोणत्या टेबलावर आहे हे कोणीच सांगितले नसते.

आणखी एक आठवले. अंतर्गत मूल्यमापनात लेखी व प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे किमान 40 टक्के आणि दोन्ही मिळून 50 टक्के गुण लागतात. हे गुण फलकावर लागताच आपल्या नोंदीशी ताडून पाहा आणि चूक दिसल्यास गुण विद्यापीठाकडे जाण्यापूर्वीच लेखी कळवा.