प्रोफाइल आहे, पण रिक्रूटरला सापडत का नाही?

रिक्रूटरकडे, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्याकडे, जागा भरायला येते तेव्हा त्याच्या हातात जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे कामाचं वर्णन) असतो. त्यातले चार-पाच शब्द तो लिंक्डइन किंवा नोकरी डॉट कॉमच्या सर्चमध्ये टाकतो, शहर निवडतो, अनुभवाची वर्षं लावतो आणि आलेल्या यादीची सुरुवातीची पानं चाळतो. तुमचं नाव त्या यादीत आलं, तरच पुढे प्रोफाइल वाचलं जाण्याचा प्रश्न. म्हणून मेहनत घ्यायची ती रिक्रूटरच्या तोंडी असलेल्या शब्दांवर, आणि ते शब्द कुठल्या रकान्यात बसलेत यावर.

सगळ्यात मोठा घोळ पदनामाचा होतो. लिंक्डइनवर रिक्रूटर 'जॉब टायटल'चा फिल्टर लावतो, तेव्हा अनुभवाच्या रकान्यात लिहिलेलं पद बघितलं जातं. हेडलाइनमध्ये, म्हणजे नावाखालच्या ओळीत, कितीही छान लिहिलं तरी ती उणीव भरून निघत नाही. मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) बँका असोत की ऐरोली-मालाडची बॅक ऑफिसं, माणसांना 'सीनिअर असोसिएट', 'प्रोसेस असोसिएट' अशी पदं मिळतात. बाहेरचा रिक्रूटर शोधत असतो 'अकाउंट्स पेयेबल' (पुरवठादारांची देणी सांभाळणारा) नाहीतर 'केवायसी अ‍ॅनालिस्ट'. मग दोन्ही लिहा: 'प्रोसेस असोसिएट – अकाउंट्स पेयेबल'. पद मात्र फुगवू नका. असोसिएटचा मॅनेजर केलात, तर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये रिलीव्हिंग लेटरशी (नोकरी सोडताना मिळणाऱ्या पत्राशी) ते जुळत नाही आणि हातात आलेली ऑफर जाऊ शकते.

कंपनीचं नाव टाइप करताना खाली येणाऱ्या यादीतून लोगोसकट निवडा. नुसतं टाइप करून सोडलेलं नाव कंपनीच्या पेजशी जोडलं जात नाही. मग 'अमुक कंपनीतली माणसं हवीत' असा फिल्टर लागला की तुम्ही गळता.

हेडलाइनला लिंक्डइनवर 220 अक्षरं मिळतात. 'नव्या संधीच्या शोधात असलेला मेहनती कॉमर्स पदवीधर' यातला क्वचितच एखादा शब्द कोणी सर्चमध्ये टाकतं. त्याऐवजी असं लिहा: 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह | टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन | 4 वर्षं, मॅन्युफॅक्चरिंग | मुंबई'. अर्थात हे सगळं इंग्रजीत, कारण सर्चही इंग्रजीतच होतो. मोबाइलवर आणि सर्चच्या यादीत शेवटचा भाग कापला जातो, तेव्हा पद आणि मुख्य कौशल्य अगदी सुरुवातीला हवं.

शब्द आणायचे कुठून? तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या पाच-सात जाहिराती उघडा आणि पुन्हापुन्हा येणारे शब्द खुणा करून काढा. जे काम तुम्ही खरोखर करता तेवढेच उचला, पण उचललेला शब्द जाहिरातीत आहे तसाच लिहा. अनेक रिक्रूटर बूलियन सर्च करतात, म्हणजे शब्द अवतरणात टाकून 'अँड', 'ऑर'ने जोडतात. अशा वेळी फक्त 'एपी' लिहिणारा 'अकाउंट्स पेयेबल'च्या शोधातून निसटू शकतो. लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही एकदा तरी यायला हवं. स्पेलिंगही तपासा. इंग्रजी 'मॅनेजर'मधला मधला 'ए' गळला तर स्पेल-चेक गप्प बसतो, कारण उरलेला शब्दही इंग्रजीत आहेच. स्किल्सही यादीतूनच निवडा आणि ज्या नोकरीत वापरली त्या नोकरीला जोडा.

ठिकाणाचा रकाना मुंबईत जास्त विचार करून भरावा लागतो. बदलापूर किंवा विरार लिहिलंत, तर 'मुंबई' निवडणाऱ्याच्या यादीत तुम्ही याल याची खात्री नसते. लिंक्डइनवर मुंबई महानगर प्रदेशाचा पर्याय घ्या. नोकरी डॉट कॉमवर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई वेगवेगळे निवडता येतात. पण विरारहून महापेला रोजचा प्रवास झेपणार नसेल तर नवी मुंबई टाकू नका. पहिल्याच फोनवर 'लांब पडतं' म्हणण्यात दोघांचाही वेळ जातो.

नोकरी डॉट कॉमवर आणखी दोन गोष्टी निर्णायक ठरतात: नोटीस पिरियड आणि ताजेपणा. राजीनामा दिला असेल तर 'सर्व्हिंग नोटीस' निवडून शेवटची तारीख टाका. तातडीची जागा भरणारा नोटीस पिरियडचा फिल्टर आधी लावतो, आणि 3 महिने तसेच राहिले असतील तर तुम्ही तिथेच बाद. रिक्रूटर अलीकडे सक्रिय असलेल्यांनाच गाळून बघू शकतो, म्हणून नोकरी शोधत असाल तेवढे दिवस अधूनमधून लॉगिन करा, एखादी ओळ सुधारा. रेझ्युमे साधा, एका कॉलमचा ठेवा. स्कॅन करून फोटोसारखी केलेली पीडीएफ, दोन कॉलमची रंगीत डिझाइनं, टेबलात कोंबलेला अनुभव हे सगळं रेझ्युमे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला अनेकदा धड वाचता येत नाही. तपासायचं तर पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे ओळी उलटसुलट आल्या तर सॉफ्टवेअरही बहुधा तसंच वाचणार.

सध्याच्या ऑफिसात कळू द्यायचं नसेल तर लिंक्डइनवर बदल करण्याआधी नेटवर्कला बदल कळवण्याचं सेटिंग बंद करा. 'ओपन टु वर्क' दोन प्रकारे लावता येतं. फोटोभोवतीची हिरवी पट्टी बॉससकट सगळ्यांना दिसते. 'फक्त रिक्रूटर' निवडलं तर लिंक्डइन तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतं, पण पूर्ण हमी देत नाही. शिवाय तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्या बाहेरच्या प्लेसमेंट एजन्सीला ते दिसू शकतं. धोका पत्करायचा नसेल तर हे लावूच नका. वरचे रकाने नीट भरले असतील तर त्याच्याशिवायही सापडता येतं.

हे सगळं केल्यावर दोन आठवडे थांबा आणि मग आकडे बघा. नोकरी डॉट कॉमवर 'सर्च अपीअरन्स' आणि 'रिक्रूटर अ‍ॅक्शन' असे दोन आकडे दिसतात. पहिलाच कमी असेल तर शब्द, पद किंवा शहर चुकलंय. पहिला भरपूर आणि दुसरा जवळजवळ शून्य असेल तर तुम्ही सापडताय, पण पुढे उघडलं जात नाहीये. मग हेडलाइन, अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड तपासा. शब्दांना हात लावू नका. लिंक्डइनवरही किती वेळा सर्चमध्ये आलात ते कळतं. तिथे शोधणारे सगळे तुमच्या क्षेत्राबाहेरचे दिसले, तर कुठलं तरी जुनं स्किल तुम्हाला भलत्याच यादीत नेऊन बसवतंय. ते काढून टाका.