कूलरची टाकी, संत्र्याची सालं आणि आमचा रविवार

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पोराला डेंग्यू झाला. तोवर मी पण सगळ्यांसारखीच म्हणायची की समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कचरा आहे, नाली तुंबलीय, मच्छर तिकडूनच येतात. मग घरोघरी तपासायला येणाऱ्या ताई आल्या, त्यांनी मागच्या गॅलरीतल्या कूलरची एक ताटी (बाजूची गवताची जाळी) काढली, आत टॉर्च मारला आणि मला हाक मारली, "वहिनी, या ना इकडे, हे पहा काय पाळून राहिले तुम्ही." तळाशी चार बोटं पाणी आणि त्यात बारीक बारीक वळवळ. जूनमध्ये पाऊस लागला तसा कूलर बंद केला, वायर गुंडाळली, वरून जुनी चादर टाकली आणि विसरलो. नालीचा काही संबंधच नव्हता, डेंग्यूचा मच्छर साध्या, स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. एवढे दिवस मी उगाच प्लॉटवाल्याला शिव्या देत होते.

पोरगं बरं झालं, ते आठ दिवस कसे गेले ते जाऊ द्या. पण आमच्या घरात जे काही बदललं ते तिथून बदललं. परवा नणंद म्हणाली वहिनी तू ते सगळं करते ना कंपोस्ट-बिंपोस्ट, एकदा नीट लिहून काढ ना, म्हणून हे लिहून राहिले. आधीच सांगते, त्याच्याही आधी मी हौस म्हणून पुष्कळ काही करून पाहिलं होतं. बांबूचे ब्रश आणले, त्यांना पावसाळ्यात बुरशी लागली. स्टीलच्या स्ट्रॉ आणल्या, त्या ड्रॉवरमध्ये पडल्या आहेत, आमच्या घरात कोण स्ट्रॉने पितं? भाजीसाठी जाळीच्या कापडी थैल्या ऑनलाईन मागवल्या, त्या प्रत्येकी वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आल्या. नवऱ्याने काही म्हटलं नाही, फक्त पाहिलं माझ्याकडे.

तर कूलर. नागपुरात उन्हाळा म्हणजे काय ते इथल्यांना सांगायची गरज नाही, २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला गेला होता, त्या आठवड्यात गच्चीवर चप्पल विसरलेल्या माणसाला विचारा. आमच्याकडे एसी एकच, आईंच्या म्हणजे सासूबाईंच्या खोलीत, तोही २६ वर आणि सोबत पंखा. बाकी घर कूलरवर. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट खातो, आमचा लोखंडी कूलर पंपासकट दोनशेच्या आसपास, त्यामुळे बिलात फरक दिसतोच. पण लोक कूलर लावून खिडक्या गच्च बंद करतात आणि मग म्हणतात चिकचिक होते, हवा लागतच नाही. अहो, कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, ती निघायला समोरून वाट नको का? समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा, दोन मिनिटांत फरक कळतो. हे मला आईंनी सांगितलं, आणि मी इंजिनिअर आहे. पाऊस पडला, हवेत दमटपणा आला की कूलर कितीही फिरवा, नुसता आवाज, मग बंदच करायचा. आणि बंद करताना पूर्ण कोरडा करायचा, हेच तर आम्ही विसरलो होतो.

आता रविवार सकाळ म्हणजे टाकी. चहा झाला की नवरा पंप काढतो, पोरगं बूच काढून पाणी सोडतं आणि मी ब्रशने आतल्या भिंती घासते. घासणं महत्त्वाचं आहे, नुसतं पाणी फेकून भागत नाही. मच्छर अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भिंतीला चिकटवून घालतो, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, आणि तुम्ही वर पाणी भरलं की झालं सुरू. अंड्यापासून मच्छर व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी हवंच. मी आधी म्हणायची महिन्यातून एकदा करू, त्याने काहीच होत नाही. कूलर झाला की त्याच फेरीत फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बश्या आणि पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं (ते खरं तर रोजच बदलतो). वीस मिनिटांचं काम आहे, पण रविवार ठरलेला नव्हता तोवर वर्षभर झालं नाही.

त्यात एक घोळ माझाच. टाकीतलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून पहिल्या उन्हाळ्यात मी ते बादलीने मोगऱ्याला आणि तुळशीला घालायची, फार शहाणपणाचं वाटायचं. दीड महिन्यात मोगऱ्याची पानं कडेने जळाल्यासारखी तपकिरी झाली. मग डोक्यात प्रकाश पडला की कूलरमधून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार सगळे टाकीतच राहतात, रोज वर पाणी टाकत गेलं की ते घट्ट घट्ट होत जातात, पंपावर पांढरा थर बसतो तो तोच. आता ते पाणी गाडी धुवायला आणि खालचं आंगण धुवायला. आईंच्या एसीच्या नळीतून टपकतं ते पाणी मात्र हवेतलीच वाफ थंड होऊन पडलेली असते, त्यात क्षार नसतात, ते मोगऱ्याला. मोगरा सुधरला, तुळस गेली.

आरओचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या मशीनचंही तेच. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी नळीतून मोरीत जायचं, आणि आम्ही ते वर्षानुवर्षं जाऊ दिलं. मैत्रिणीकडून टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) मीटर आणून नळाचं पाणी मोजलं, आकडा ५०० च्या पार खाली निघाला. एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, २०१९ मध्येच म्हटलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तर आरओची गरज नाही. आपल्याकडे येतं ते पेंचचं आणि कन्हानचं पाणी, फिल्टर होऊन आलेलं, बोअरिंगचं नाही. बोअरवेल असेल तर गोष्ट वेगळी, आधी मोजा मग ठरवा. आमचा आरओ मेला तेव्हा परत घेतलाच नाही, साधा यूव्ही (किरणांनी जंतू मारणारा) फिल्टर बसवला आणि उन्हाळ्यात माठ. माठाला ओलं पोतं गुंडाळायचं आणि खिडकीच्या वाऱ्यात ठेवायचा, बंद किचनच्या कोपऱ्यात माठ ठेवून गार होत नाही म्हणणारे पण पाहिलेत मी.

गच्चीचं काम आईंनी करून घेतलं. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत वरून आग येते. आई म्हणाल्या चुना मारा. मला वाटलं जुनं काहीतरी, पण एप्रिलमध्ये चुना भिजवला, त्यात थोडं फेविकॉल टाकलं नाहीतर पायाला लागतो, आणि दोन हात मारले. नवतप्यात (मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस) पंख्याची हवा पहिल्यांदा हवेसारखी लागली, त्याआधी ड्रायरसारखी लागायची. खर्च हजाराच्या आत, फक्त पहिल्या जोराच्या पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, आणि दरवर्षी "यावर्षी कोण मारणार" यावर चर्चा होते.

आता कंपोस्ट, ज्याच्यासाठी नणंदेने एवढं सांगितलं. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, तिला सळई तापवून भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे. सुरुवातीला मी त्यात फक्त ओलं टाकत गेले. आलूची सालं, सांभाराच्या काड्या (पुणेवाल्यांनो, सांभार म्हणजे कोथिंबीर, डाळ नाही), चहाचा चोथा, वांग्याची देठं. वरून झाकण घट्ट. दहाव्या दिवशी बाजूच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "काहून वं, काय सडवून राहिली तू?" झाकण उघडलं तर जाड जाड अळ्या आणि खाली काळं पाणी, मला अक्षरशः उमासा आला, मी बादली उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघाले होते. आईंनी अडवलं. म्हणाल्या बागेत खत करताना आम्ही पालापाचोळा टाकायचो वरून, तू कुठं टाकला?

तेच चुकलं होतं. ओल्याच्या वर प्रत्येक वेळी तेवढंच, खरं तर जास्तच, कोरडं लागतं, वाळलेली पानं नाहीतर फाडलेला पेपर, आणि तीन-चार दिवसांनी काडीने खालीवर करायचं म्हणजे हवा जाते. हवा गेली की वास येत नाही, बंद झालं की सडतं. त्या अळ्या पण काही वाईट नसतात, कचरा खाऊनच जगतात, फक्त पाहवत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या गल्लीत पानांचा खच पडतो आणि सकाळी सकाळी कोणीतरी कोपऱ्यात पेटवून देतं, सगळा धूर आमच्या खिडकीत. आता मी झाडणाऱ्या मावशींना पोती देऊन ठेवते, त्या पानं भरून गेटजवळ ठेवतात, मी त्यांना चहा आणि वर थोडे पैसे. चार पोती वर्षभर पुरतात, कोपऱ्यातली शेकोटी पण बंद झाली. मे महिन्यात बादली इतकी वाळते की वरून पाणी शिंपडावं लागतं, ऑगस्टमध्ये उलट पेपर टाकून टाकून हात दुखतात. अडीच-तीन महिन्यांनी काळं भुसभुशीत खत मिळतं, पावसाचा पहिला शिंतोडा पडल्यावर येतो ना, तसा वास. काकू आता कुंडीसाठी खत मागून नेतात, ओरडल्याचं त्यांना आठवत नाही.

संत्र्याच्या सालांचं वेगळंच. आईंचं माहेर काटोलकडचं, त्यामुळे दिवाळीनंतर आंबिया बहाराच्या संत्र्यांचं पोतं येतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराच्या, घरात सालांचा ढीग. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग (त्या भागाची खास ओळख म्हणून मिळणारी नोंदणी) मिळाला, पण सालांचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. कंपोस्टमध्ये ती लवकर कुजत नाहीत, बारीक तुकडे करून थोडी थोडीच टाकावी लागतात. म्हणून बायोएन्झाइम, म्हणजे सालं आंबवून केलेलं सफाईचं पाणी. १०० ग्राम गूळ, ३०० ग्राम सालं, १ लिटर पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत, काचेच्या नाही, आणि वरचा तिसरा हिस्सा रिकामा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस काढायचा, तीन महिन्यांनी गाळायचं.

रोज, हा शब्द मी हलक्यात घेतला. लग्नासाठी चार दिवस अमरावतीला गेलो, परत आलो तर ओट्याखालची बाटली फुटलेली, गूळपाणी कपाटाच्या दारावरून ओघळून फरशीवर वाळलेलं, संत्र्याची सालं कणकेच्या डब्यावर, आणि किचनच्या दारापासून गॅसपर्यंत मुंग्यांची लाईन. पोरगं म्हणालं, आई, बॉम्ब फुटला काय? दोन दिवस पुसत होते. वास मात्र छान होता, हे मान्य करायलाच पाहिजे.

त्या पाण्याने फरशी चकचकीत होते, बादलीभर पाण्यात दोन-तीन झाकणं, सिंकचा चिकटपणा पण जातो. पण व्हॉट्सॲपवर फिरतं तसं ते सगळे जंतू मारणारं जादूचं पाणी नाही, घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले की मी बाथरूमला सरळ बाजारातलंच वापरते. आणि हे ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका. ॲसिडिक असतं, ब्लीचशी मिळालं की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो फार वाईट.

बाकीचं फटाफट. कापडी थैली दहा वर्षं घरात होती आणि दहा वर्षं घरीच राहायची, आता एक गाडीच्या डिक्कीत आणि एक दाराजवळच्या खिळ्यावर, गोकुळपेठ बाजारातून प्लास्टिक येणं जवळजवळ बंद. बल्ब सगळे ९ वॅटचे एलईडी, ते तर आता सगळ्यांकडेच आहेत. डाळ-चणे भिजवूनच कुकरला, सिलिंडर आठवडाभर जास्त जातो. तेल मात्र मोजल्यावर धक्का बसला, पाच लिटरचा फल्ली (शेंगदाणा) तेलाचा डब्बा महिन्यात संपायचा, मी डब्ब्यावर मार्करने उघडल्याची तारीख लिहायला लागले आणि काहीच वेगळं न करता तो दीड महिना जायला लागला, तारीख दिसली की हात आपोआप आवरतो बहुतेक. सावजी महिन्यातून एकदा बाहेर, त्यावर तर्री कितीही असो, त्या दिवशी कोणी काही बोलायचं नाही असा घरचा नियम आहे. पावसाळ्यात आई तरोट्याची आणि अंबाडीची भाजी करतात, पोरगं तोंड वाकडं करतं, पण भाकरीसोबत खातं.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आम्ही मारबत (ईडा-पिडेचा मोठा पुतळा, मिरवणूक काढून जाळतात तो) पाहायला नागपूरच्या महाल भागात गेलो होतो. गर्दीत सगळे ओरडत होते ईडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, आणि पोरगं माझा हात धरून जोरात ओरडलं, "मच्छर घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूचे हसले. आई मागून म्हणाल्या, मारबत कशाला येते रे तुझी टाकी घासायला, रविवारी ऊठ म्हणजे झालं.

आता ओट्याखाली नवी बाटली आहे, मृगाच्या संत्र्यांची, वर चिठ्ठीवर तारीख. झाकण कोण उघडणार याची ड्यूटी फ्रिजवर लावलीय, सोम-बुध-शुक्र नवरा, बाकी दिवस पोरगं आणि रविवारी मी. आज बुधवार आहे, रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि किचनमधून अजून फुस्स असा आवाज आलेला नाही, जाऊन बघते.