मंडे कुठे आहे?

आई म्हणते, पोर बापाकडे गेलीय. थोरली बहीण दुसऱ्याच नातेवाइकाचं नाव घेते. एकाच घरातून दोन उत्तरं, आणि ती पडताळून बघायला कोणी तयार नाही.

आज अमेरिकन लेखिका टिफनी जॅक्सन यांच्या 'मंडेज नॉट कमिंग' या कादंबरीत (२०१८) इथेच अडकून बसले. वॉशिंग्टनमधली मंडे उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेत येतच नाही. तिच्यासाठी जिवाचं रान करते ती फक्त मैत्रीण, क्लॉडिया. शाळेत विचारते, पोलिसांकडे जाते, घरच्यांच्या मागे लागते. मोठी माणसं ऐकतात आणि विषय बाजूला सारतात.

कुमारवयीन मुलांसाठीची रहस्यकथा आहे, पण लेखिका काहीच गुळमुळीत करत नाही. शेवट सांगणार नाही. मला तो फार लागला.

पुस्तक येण्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, वॉशिंग्टनमधल्या बेपत्ता कृष्णवर्णीय मुलींकडे कुणाचं लक्ष का नाही, म्हणून लोक खरोखर संतापले होते.

आपल्याकडेही पटावर नाव असतं, बाकावर मुलगी नसते. 'गावाला गेली' म्हटलं की विषय संपतो.

कोणत्या गावाला, कोणाकडे, परत कधी येणार, हे तुमच्या ओळखीत कोणी विचारतं का?