आमची वाटचाल : डाग गेला, थर राहिला

डिचोलीतील आमचे छोटेसे दुकान मोटारींच्या बेज आणि क्रीम रंगाच्या लेदर सीट स्वच्छ करण्यासाठी ओळखले जाते. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचे काही कारण दिसत नाही. गाड्या धुणारी केंद्रे गोव्यात गावोगावी झाली आहेत; फिकट लेदरवरचा जुना डाग काढताना हात कुठे थांबवायचा, हे जाणणारी मात्र मोजकीच आहेत.

आम्ही सुरुवात केली तेव्हा खाणी जोरात चालू होत्या. ट्रकमालक, बार्जवाले (नदीतून खनिज नेणाऱ्या सपाट बोटींचे मालक) आणि कंत्राटदार मोठ्या गाड्या घेत आणि आतला रंग हमखास फिकट निवडत. ज्या तालुक्यात रस्त्यावर लोहखनिजाची तांबडी धूळ उडते, तिथे क्रीम सीट घेणे ही निव्वळ हौस होती. पण त्या हौसेवरच आमचा संसार उभा राहिला.

कामाची खरी विद्या मला आमच्या मेस्त्रींकडून मिळाली. बसगाड्यांच्या सीटना रेक्झिन शिवण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. माझे भांडवल आणि त्यांचे हात, अशी आमची भागीदारी होती. गाडी आली की ते आधी सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवत आणि म्हणत, "शेट, आधी सीट ओळखा, मग डाग बघा." थेंब आत जिरून तिथे काळपटपणा आला, तर ते लेदर जवळपास उघडे आहे असे समजावे, थेंब तसाच राहिला, तर वर थर आहे. मोटारींचे बहुतेक लेदर थर दिलेलेच असते, आणि कित्येक गाड्यांत बसण्या-टेकण्याचा भाग तेवढा लेदरचा असून बाजू कृत्रिम असतात. खालचा रंग आणि वरचा पारदर्शक पॉलियुरेथेन मिळून होणारा हा थर कागदापेक्षा पातळ असतो. डाग त्या थरावर बसला आहे, थरात उतरला आहे की थर फुटून खाली गेला आहे, एवढे ठरले की अर्धे काम झाले.

जीन्सच्या निळीचे उदाहरण घ्या. नीळ पाण्यात विरघळत नाही. घामाने ओलसर झालेले कापड घासले जाते तेव्हा तिचे सुटे कण सीटवर चिकटतात. ती ताजी असताना सौम्य क्लीनरचा फेस, घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश आणि पांढरे मायक्रोफायबर कापड पुरते. ब्रश गोल फिरवावा, जोर लावू नये आणि मळ वर आला की लगेच टिपून घ्यावा, नाहीतर तो शिलाईत उतरतो. क्लीनर आम्लधर्मी की अल्कधर्मी, याची पीएच पट्टीने परीक्षा घेतल्याशिवाय आम्ही तो सीटला लावत नाही, कारण लेदर स्वभावतः आम्लधर्मी असते आणि धुण्याचा साबण अल्कधर्मी. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, तेही याच अल्कामुळे. मेलामाइनचा पांढरा स्पंज हा मुळात बारीक पॉलिश पेपर आहे. आमच्याकडे तो मेस्त्रींच्या परवानगीशिवाय कोणी उचलत नसे. घरी टूथपेस्ट आणि हेअरस्प्रेचे प्रयोग करणाऱ्यांना मी हात जोडतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. ट्रक अंगणात उभे राहिले, आणि ज्यांच्या ट्रकांचे हप्ते थकले होते ते सीट पुसून घ्यायला कशाला येणार? कॉम्प्रेसर विकायला काढण्यापर्यंत वेळ आली होती. नेमक्या त्याच दिवसांत, आमच्याच हाताखाली ब्रश धरायला शिकलेल्या एका मुलाने रस्त्यापलीकडे दुकान थाटले. त्याने दुकान काढले याचे मला वाईट वाटले नाही. आमच्या वहीतले गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक त्याच्याकडे गेले, याचे वाटले, आणि आजही वाटते.

त्याची पद्धत सोपी होती. तो कापडाला थिनर लावून डागावर फिरवी. जीन्सची नीळ, बॉलपेनची शाई, काहीही असो, पाच मिनिटांत सीट पांढरी होई आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाई. मुळात थिनरने डाग निघत नव्हता, डागासकट थर निघत होता. पुढे उघड्या लेदरमध्ये घाम आणि तेल जिरले की तीच जागा पूर्वीपेक्षा काळी पडे. मग ती गाडी आमच्याकडे येई. बारीक पॉलिश पेपर, फिलर, मग स्प्रे गनने मिळताजुळता रंग आणि शेवटी मॅट थर, असे काम करावे लागे. त्याला दिवस लागत आणि पैसेही. त्यावर पलीकडून प्रचार होई की, आम्ही डाग काढत नाही, रंग फासतो! बिघाड त्याचा आणि बदनामी आमची, असा तो हिशेब होता.

त्या काळात सत्तरी तालुक्यातल्या वाळपईकडचे एक भाटकार, म्हणजे बागायतीचे जमीनदार, आमच्यामागे उभे राहिले. काजूच्या हंगामात त्यांनी बोंडांची टोपली मागच्या सीटवर ठेवली होती; रस गळून शिलाईच्या रेषा तपकिरी झाल्या, आणि जिथे तांबड्या मातीचे पाय लागले होते तिथे चक्क काळ्या. बोंडाच्या रसात टॅनिन असते आणि मातीत लोह; दोघांचा संयोग काळाच होणार. पलीकडच्याने तासाभराचा वायदा केला होता. भाटकार आमच्याकडे येऊन म्हणाले, "घाई नाही. पण सीट होती तशी परत पाहिजे." मेस्त्रींनी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सायट्रिक ॲसिडचे अगदी सौम्य द्रावण करून, कापूस लावलेल्या काडीने एकेक टाका पुसला आणि लगेच स्वच्छ ओल्या कापडाने आम्ल काढून टाकले. काळे गेले, तपकिरीची पुसट छटा राहिली, ती आम्ही पावतीवर लिहूनच दिली. भाटकारांनी ती पावती आपल्या नातेवाइकांत फिरवली, आणि सत्तरीतून गाड्या येऊ लागल्या.

तेव्हापासून काय निघेल आणि काय निघणार नाही, हे पावतीवर आधी लिहायचे, हा आमचा नियम झाला. पुढे पणजी-पर्वरीची गिऱ्हाइके जोडली गेली, भाड्याच्या गाड्यांमुळे सनस्क्रीनच्या तेलकट डागांचे काम वाढले, आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द झाले तेव्हा आम्हांला पूर्वीसारखी झळ बसली नाही. मेस्त्री आता काम करीत नाहीत. त्यांचे ब्रश मी कोणाला वापरू देत नाही.

पलीकडचे दुकान अजून चालू आहे. "आम्ही थिनर वापरत नाही" अशी पाटी तिथे हल्ली लागली आहे, आणि गिऱ्हाइके मला ती वाचून दाखवतात. मी त्यांना एवढेच सांगतो की, पावसाळ्यात गाडी बंद करून ठेवू नका. बुरशी आलीच, तर ती घरात झटकू नका. नाकाला मास्क लावून बाहेर मोकळ्या हवेत काढा, ब्लीच लावू नका, आणि दारे उघडून सीट सावलीत पूर्ण वाळू द्या.