पुढचं गाणं

इस्त्री करताना मला गाणी लागतात. बातम्या चालत नाहीत. पॉडकास्ट तर नकोच. कुणी शहाणपणाचं बोलायला लागलं की माझं लक्ष जातं आणि कॉलर जळते. परवा रविवारी दुपारी असाच आठवड्याचा ढीग काढून बसले होते आणि फोनवर अ‍ॅव्हरिल लव्हीन या गायिकेचा 'ग्रेटेस्ट हिट्स' लावून दिला होता. 'आयॅम विथ यू' संपलं. शेवटी ती आवाज ताणत ताणत वर नेते, ते सगळं विरलं, आणि माझ्या कानात 'मोबाईल'ची गिटार सुरू झाली. फोनवर मात्र दुसरंच काहीतरी वाजायला लागलं.

इस्त्री उभी करून मी फोनकडे बघत बसले. कुणीतरी आपल्या घरातली भांडी न विचारता दुसऱ्या फळीवर लावून ठेवावीत, तसा राग आला. खरं तर रागावण्यासारखं काहीच नव्हतं. हिट गाण्यांच्या आल्बममध्ये 'मोबाईल' कशाला असेल? ते कुठे हिट होतं?

पण 'लेट गो' या तिच्या पहिल्या आल्बमची क्रमवारी मला झोपेतून उठवून विचारा. 'लूझिंग ग्रिप', 'कॉम्प्लिकेटेड', 'स्केटर बॉय', 'आयॅम विथ यू', 'मोबाईल', 'अनवॉन्टेड', 'टुमॉरो'... अशी तेरा. एकोणतीसचा पाढा गेला, आवर्त सारणीतला सोडियमच्या पुढचा भाग गेला, हे राहिलं. कोणतं गाणं चांगलं आणि कोणतं बरं, हा हिशोब त्या वयात केलाच नव्हता. एकापाठोपाठ एक येतात ती गाणी, एवढंच.

२००२ च्या पावसाळ्यात मी अकरावीत होते, सांगलीत. केबलवर गाण्यांचे दोन इंग्रजी चॅनेल यायचे आणि त्यातला एक केबलवाल्याच्या मर्जीवर असायचा. तिथे 'कॉम्प्लिकेटेड' लागलं. चार-पाच पोरं मॉलमध्ये घुसून धुडगूस घालतात असा काहीतरी व्हिडिओ. आम्ही तोवर मॉल पाहिला नव्हता, त्यामुळे तिथे धुडगूस घालणं किती मोठा गुन्हा आहे याचा अंदाज नव्हता. माझं लक्ष होतं तिच्या टायकडे. पांढरं बिनबाह्यांचं बनियन आणि त्यावर सैल सोडलेला टाय. आई भाजी निवडत होती. मान वर करून म्हणाली, "ही शाळेतून पळून आली का गं?"

टाय हा आमचा दुखरा विषय होता. शाळा मराठी माध्यमाची, पण मी सातवीत असताना टाय आला. मरून रंगाचा, आडव्या पिवळ्या पट्ट्यांचा, तयार गाठीचा. मागे पांढरं इलॅस्टिक. गाठीच्या आत पुठ्ठा असायचा, तो पावसात भिजला की गाठ कायमची वाकडी. इलॅस्टिक दर धुण्याला थोडं थोडं हार मानत जायचं. नववीपर्यंत टाय शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी लोंबायला लागायचा आणि प्रार्थनेच्या रांगेत हटकून आवाज यायचा, "टाय वर घे!" आम्ही इलॅस्टिकला मागे गाठ मारायचो. मग गळा आवळायचा. आणि इथे एक सतरा वर्षांची मुलगी तसाच तिसऱ्या बटणाचा टाय घालून जगभर गाजत होती, आणि तिला कुणी वर घे म्हणत नव्हतं!

मला तो घालून कॉलेजला जायचं होतं. इलॅस्टिकचा नव्हे, खरा. घरात खरा टाय एकच, बाबांच्या लग्नातला. त्याची गाठ लग्नाच्या दिवशी पुण्याच्या मामांनी बांधून दिली होती, आणि ती कला आमच्या घरात दुसऱ्या कुणालाच अवगत नसल्यामुळे गाठ तशीच ठेवून टाय डोक्यातून काढायचा, डोक्यातून घालायचा आणि खुंटीला लावायचा अशी वहिवाट होती. कुणाच्या मुंजीत, कुणाच्या स्वागतसमारंभात तीच गाठ. आईने एका वाक्यात विषय संपवला. "गाठ सुटली तर मामा आता नागपूरला असतो."

टाय मिळाला नाही, पण 'लेट गो'ची कॅसेट मिळाली. आत्या गिरगावात राहायची. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून तिने आणली. इंग्रजी कॅसेट तेव्हा सव्वाशेच्या आसपास पडायची, म्हणून ती वाढदिवस आणि दिवाळी दोन्ही मिळून धरली गेली. आतला कागद घड्या उलगडत उलगडत हातभर लांब व्हायचा. त्यावर बारीक टायपात सगळी गाणी छापलेली. तो वाचूनच मला कळलं की 'माय वर्ल्ड'मध्ये ती पाच हजार वस्तीच्या गावात वाढल्याचं सांगते. ते गाव म्हणजे कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधलं नॅपनी. जन्म शेजारच्या बेलव्हिलचा, १९८४ चा. पाच हजार! आमच्या विश्रामबागेत एका चौकात संध्याकाळी तेवढी माणसं असतील. चौदाव्या वर्षी रेडिओवरची स्पर्धा जिंकून ती ओटावाला प्रसिद्ध गायिका शनाया ट्वेनबरोबर स्टेजवर गायली होती, हे पुढे कुठल्याशा मासिकात वाचलं. आणि प्रसिद्ध झाल्यावर अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमात गायला गेली ती नॅपनीतल्या हार्डवेअरच्या दुकानाचा टी-शर्ट घालून. त्या दुकानाकडे मग टी-शर्टसाठी मागण्यांची रीघ लागली. खिळे, कड्या, रंगाचे डबे विकणारं दुकान! तिची 'हिट' गाणी कुठलीही म्हणा, मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. 'माय वर्ल्ड' अर्थातच नव्या आल्बममध्ये नाही.

तसं म्हटलं तर 'निवडक' हा प्रकार आमच्या घरात नवा नव्हता. बाबांनी ऐंशीच्या दशकात स्वतःचीच एक निवड करून घेतली होती. त्या वेळी कॅसेटच्या दुकानात यादी द्यायची, कोरी कॅसेट निवडायची, दुकानदार चार दिवसांत भरून द्यायचा. बाबांनी विजेच्या बिलाच्या मागे नाट्यपदांची यादी केली आणि नव्वदची कॅसेट घेतली. नव्वद म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. यादी मात्र बाबांच्या हौसेच्या मापाची होती. परिणाम असा की दोन्ही बाजूंना शेवटचं पद मध्येच तुटायचं. ऐन तान वर निघाली आहे, आणि खट्.

बाबा दाढी करताना ती पदं म्हणतात. आजही. ए बाजूचं शेवटचं पद ते त्या तानेपर्यंत नेतात आणि तिथेच, बरोबर त्याच जागी, थांबतात. तोंड धुतात. एकदा रेडिओवर ते पद पूर्ण लागलं तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "एवढं कशाला लांबवलंय?"

त्यामुळे कानाच्या बाबतीत मी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवत नाही. आनुवंशिक आहे.

तर, 'ग्रेटेस्ट हिट्स'. हा आल्बम आला २१ जून २०२४ ला. पहिल्या आल्बमला बावीस वर्षं झाली, मधे एकूण सात आल्बम झाले, ती स्वतः चाळिशीला टेकली, आणि इतक्या वर्षांत असा संग्रह कधी निघालाच नव्हता, याचं मला जरा नवलच वाटलं. हल्ली याची गरज तरी कुणाला आहे? फोनवर तिचं नाव टाकलं की सर्वाधिक ऐकलेली गाणी आपसूक वर येतात. यंत्र रोज सकाळी नवा 'ग्रेटेस्ट हिट्स' काढतंच आहे, फुकट. तरी लोकांना तो हवा असतो. आल्बमनंतर नवव्या दिवशी ती इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात गायली, आणि मुख्य मंच नसूनही तिथे एवढी गर्दी लोटली की हिला मुख्य मंच का दिला नाही, अशी चर्चा झाली. त्या गर्दीत माझ्या वयाच्या बायका पोरींना खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. दोघी मिळून 'स्केटर बॉय' ओरडत होत्या.

माझा या जातीच्या आल्बमवर मूळचाच राग आहे, आणि त्याला ईगल्स हा अमेरिकन बँड जबाबदार आहे. अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपलेला आल्बम म्हणून २०१८ मध्ये ज्याची नोंद झाली, दहा लाखांच्या खपाला मिळणारं प्लॅटिनम ३८ वेळा, तो त्यांचा हिट गाण्यांचा संग्रह. पण तो आला फेब्रुवारी १९७६ मध्ये. आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया' आलं त्याच वर्षी डिसेंबरात. म्हणजे त्यांचं जे गाणं आपल्याकडे प्रत्येक हॉस्टेलवर गिटार घेतलेल्या पहिल्या मुलाने वाजवलं आहे, तेच त्यात नाही. अशा आल्बमच्या नावावर किती विश्वास ठेवायचा?

अ‍ॅव्हरिलच्या संग्रहात ती अडचण नाही. हिट म्हणावं ते आहे. 'गर्लफ्रेंड' आहे, आणि ते असणारच. २००७ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं, त्याचा व्हिडिओ २००८ मध्ये यूट्यूबवर दहा कोटी वेळा पाहिला गेलेला पहिला व्हिडिओ ठरला. चाहत्यांनी म्हणे आपोआप पुन्हा पुन्हा तो लागेल असं पान बनवून ठेवलं होतं. त्याचं धृपद तिने स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन, पोर्तुगीज, जपानी आणि मँडरिनमध्येही गायलं. मराठीत गायलं नाही, हे दोन्ही बाजूंनी बरंच झालं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते आणि त्या गाण्यावर चिडून होते. टाय गेला, गुलाबी रंग आला, टाळ्या वाजवत नाचणाऱ्या मुली आल्या. आपली मुलगी बिघडली, असं मला एकवीस-बावीस वर्षांच्या वयात वाटत होतं, आणि ती मुलगी माझ्याच वयाची होती. परवा तेच गाणं ऐकताना मात्र पाय हलत होता. आता काय त्याचं.

अशा चिडलेल्यांपैकी काहींनी पुढे कहरच केला. ब्राझीलमधल्या कुणीतरी २०११ च्या सुमारास असं लिहून काढलं की खरी अ‍ॅव्हरिल पहिल्या आल्बमनंतर मेली, आणि तेव्हापासून मेलिसा नावाची तोतया गाते आहे. नाक बघा, तीळ बघा, अक्षर बघा. हे इतकं पसरलं की तिला मुलाखतींमध्ये आपण आपणच आहोत असं सांगत बसावं लागतं. पेशवाईत तोतयाच्या बंडाची चौकशी वर्षानुवर्षं चालली होती, त्यामुळे आपल्याला यात हसण्यासारखं फारसं नाही. पण एक शंका मला राहून राहून येते. मेलिसा खरी असेल, तर 'ग्रेटेस्ट हिट्स'मधली पहिल्या आल्बमची गाणी सोडून बाकी सगळा पैसा तिच्याच घरी जायला हवा.

'हेड अबव्ह वॉटर' लागलं तेव्हा मी शर्ट घडी करत होते. गोचीड चावून होणारा लाइम डिसीज तिला झाला होता. २०१५ मध्ये तिने ते जाहीर केलं. महिनोन् महिने अंथरुणात. एका रात्री आता आपण मरतो आहोत असं वाटलं, शेजारी आई होती, आणि बुडणाऱ्या माणसाने करावी तशी प्रार्थना तोंडातून आली. त्याचं हे गाणं. आवाज तोच, 'आयॅम विथ यू'मध्ये पुलावर उभं राहून कुणाची तरी वाट बघणारा. फक्त या वेळी ती कुणा मुलाची वाट बघत नाही. ते पूर्ण होईपर्यंत मी दुसरा शर्ट घेतला नाही. हिट आहे की नाही, विचारू नका.

संध्याकाळी भाची आली. नववीत आहे. कान टोचलेल्या तीन जागांपैकी एका जागी इअरफोन अडकवलेलाच असतो. मी तिला 'मोबाईल' ऐकवलं. तिने अर्धं ऐकलं, म्हणजे खूपच ऐकलं.

"छान आहे मावशी. पण का नाही घेतलं ते कळलं."

"का?"

"लक्षात राहत नाही ना."

मी काही बोलले नाही. ती फोनवर त्या गायिकेचे जुने फोटो बघत होती, २००२ चे. मेलिसाची भानगड तिला माझ्यापेक्षा तपशीलवार माहीत निघाली. मग एकदम म्हणाली, "गॅदरिंगला आम्ही 'स्केटर बॉय' करतोय. टाय आहे का गं तुझ्याकडे? इलॅस्टिकचा नको. खरा."

मी म्हटलं, आजोबांकडे एक आहे. गाठ बांधलेला.

"गाठ नको. मी सैल बांधणार. तुला येते?"

मला नाही येत. आजोबांना नाही येत. मामाही आता नाहीत. यूट्यूबवर असेल म्हणाली.